वादळवीराचा राम राम

खान्देशात आजवर एकच माणूस उडाला आणि तो आमच्या घरचा जावई आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणतो, बाकी मुलूख त्यांना वादळवीर म्हणून ओळखतो. पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यात त्यांची केळीची बाग आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी व्यवसाय विचारला की दाजी गंभीर चेहऱ्यानं सांगतात, ‘शेती आणि चित्रपट.’ चित्रपट त्यांनी एकच काढला. पण तो इतका वाईट निघाला, की दुसरा काढायची गरजच उरली नाही.

‘वादळवीर’ची कथा दाजींचीच. एक दुष्ट माणूस गावाच्या विहिरींवरच्या साऱ्या मोटारींची लाइट चोरतो, पिकं वाळायला लागतात आणि वादळवीर उडत जाऊन ती लाइट परत आणतो. नायिकेचं काम करायला गावातली एकही बाई तयार झाली नाही, म्हणून अख्ख्या चित्रपटात नायिका फोनवरच आहे. प्रेमाचं गाणं दाजींनी कानाला मोबाइल लावून, मधूनमधून ‘आवाज येतो का?’ असं विचारत पूर्ण केलं आहे. शेवटच्या मारामारीत एक म्हैस मधे येते. नायक आणि खलनायक दोघेही मुठी आवळलेल्या तशाच ठेवून बाजूला होतात, म्हैस सावकाश निघून जाते आणि मग मारामारी पुढे चालू होते. वादळवीराच्या पाठीवरचा झगा म्हणजे केळीच्या घडाला घालतात ती निळी प्लास्टिकची पिशवी. तिच्यावर ‘निर्यातक्षम केळी’ ही अक्षरं ठळक छापलेली, त्यामुळे नायक पाठमोरा झाला की त्याची प्रत लगेच कळते. पहिला झगा अक्काच्या हातून गेला. नवऱ्याचा पोशाख चुरगळलेला दिसू नये म्हणून तिनं मायेनं त्याच्यावर इस्त्री फिरवली आणि झगा इस्त्रीलाच चिकटून बसला. घरी बाकी पिशव्यांना तोटा नव्हता.

उडण्यासाठी दाजींनी जेसीबी मागवला होता. त्याच्या सोंडेला दोराचा नाडा, नाड्याला दाजी, आणि शेतात पाणी नेणाऱ्या पाटचारीच्या कडेनं त्यांना पोटावर आडवं लटकवून पुढे न्यायचं, असा बेत. चित्रीकरणाला पाचोऱ्याचा एक लग्नाचं शूटिंग करणारा पोऱ्या आणला होता. एक हात पुढे, मूठ आवळलेली, झगा फडफडतोय, असे दाजी छान उडत असताना नेमके पाटचारीच्या रस्त्यानं आमचे आबा आले. आबा म्हणजे माझे वडील, दाजींचे सासरे. लेकीसाठी बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी घेऊन ते फाट्यावर बसमधून उतरले होते आणि पायी घराकडे निघाले होते. त्यांनी मान वर केली तर आपला जावई घडाची पिशवी पांघरून आभाळात लोंबकळतोय.

आता दाजींच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं डोळे मिटून घेतले असते. पण सासरा समोर दिसला आणि जावयानं राम राम केला नाही, हे आमच्याकडे उडत्या माणसालाही शोभत नाही. दाजींनी पुढे केलेली मूठ सोडली, दोन्ही हात जोडले आणि हवेतूनच म्हणाले, “राम राम, आबा.” तोल गेल्यामुळे ते पुढे सावकाश गोल फिरत राहिले, तरी हात जोडलेलेच. आबांनी एकदा पाहिलं, टोपी खाली ओढली, तोंड फिरवलं आणि उत्तर न देता चालू लागले. पोऱ्यानं कॅमेरा बंद केला नाही. लग्नात कुणी वडीलधाऱ्यांपुढे हात जोडले की शूटिंग थांबवायचं नसतं, नाहीतर पाहुणे रुसतात, ही त्याची जन्माची सवय. आबा वळणाआड जाईपर्यंत सगळं टिपलं गेलं, आणि दाजींनी ते एवढंसुद्धा कापलं नाही.

आबांनी त्या दिवशी पिशवी लेकीच्या दाराच्या कडीला अडकवली आणि मिळेल त्या बसनं ते परत गेले. पुढे अक्काला फोनवर एवढंच म्हणाले, “उडानं व्हतं ते पाखरूना पोटले जलमाले पाहिजे व्हतं.” जावयाचा राम राम न घेणं ही आमच्या भागात साधी गोष्ट नाही. त्याचा अर्थ सोयरीक आहे, पण बोलणं संपलं. त्यानंतर आबा अक्काच्या दारात गेले नाहीत. अक्का माहेरी यायची ती एकटीच, आणि जाताना उंबऱ्यात उगाच रेंगाळायची.

इकडे चित्रपट दाजींच्या गावच्या यात्रेत पडद्यावर लागला. लोक पहिल्यापासून हसायला लागले आणि रामरामापाशी तर पटांगण अक्षरशः लोळलं. मी मान खाली घालून बसलो होतो. दाजी मात्र पहिल्या रांगेत पागोटं बांधून, ताठ. संपल्यावर मी चाचरत म्हणालो की दाजी, लोक हसत होते. त्यावर ते म्हणाले, “हासनात ना? पन घर ग्यात का? बठ्ठा शेवटलोंग बसनात.” सगळे शेवटपर्यंत बसले होते, हे खरंच होतं. तेवढा तुकडा मग मोबाइलवरून साऱ्या खान्देशात फिरला. नरडाण्याच्या स्टेशनावर अनोळखी माणसं आडवी होऊन दाजींना हात जोडायची. दोंडाईच्याच्या बाजारात एका मिरचीवाल्यानं त्यांना गोणीवर बसवून चहा पाजला. खरं सांगतो, त्यांच्याबरोबर चालताना माझीच छाती फुगायची. एकदा मी त्यांना धुळ्याला परदेशी महानायकाचा मोठा सिनेमा दाखवायला नेलं. बाहेर आल्यावर दाजी बराच वेळ उदास होते. शेवटी म्हणाले, “भलता पैसा लावेल शे. पन बठ्ठा गाववरथीन उडी ग्या, एकले बी राम राम कया नही.”

पण ज्या तुकड्यानं दाजी प्रसिद्ध झाले, त्याच तुकड्यानं आबांचं गावात बसणं-उठणं कठीण केलं. पारावर कुणीतरी रोज छेडायचं, की आबा, जवाई अजून लटकलाय, घ्या की त्याचा राम राम. आबा आणखी आक्रसले. पुढच्या यात्रेत चित्रपट पुन्हा लागायचा होता. अखेर त्याआधी अक्का माहेरी आली आणि त्यांना म्हणाली, की तुम्ही या वेळी यात्रेला आला नाहीत तर मीही या उंबऱ्यावर पुन्हा येणार नाही. आमची अक्का आयुष्यात कधी कुणाला दम देत नाही. आबा उठले, टोपी झटकली आणि म्हणाले, चला.

पटांगणात आम्ही त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, दाजींपासून दोन खुर्च्या सोडून. आबांचा चेहरा बंद दरवाजासारखा. फोनवरच्या गाण्यात त्यांच्या मिशा हलल्या. नायक पहिल्यांदाच पाठमोरा झाला आणि त्यांनी शेजारच्याला पाठीवरची अक्षरं मोठ्यानं वाचायला लावली, आणि ती ऐकून मात्र त्यांचं पोट हसण्यानं गदगदायला लागलं. मग तो तुकडा आला. पडद्यावरच्या दाजींनी हात जोडले, आणि या खेपेला कुणी हसलं नाही. सारं पटांगण आबांकडे वळून बघत होतं. अक्कानं पदराचं टोक दातात धरलं होतं. पडद्यावरच्या आबांनी टोपी खाली ओढली, तोंड फिरवलं. खुर्चीवरचे आबा उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे हात वर केला आणि घसा साफ करून म्हणाले,

“राम राम, पाव्हना. आते खाले उतरा. जेवन थंडं व्हई राह्यनं.”

त्यानंतर जो हशा झाला तसा मी पुन्हा ऐकला नाही. ‘वादळवीर’ बघून रडलेला माणूस त्रिभुवनात एकच, आणि तो म्हणजे स्वतः वादळवीर. त्या दिवशी सासरा-जावई एका पंगतीत बसून भरीत-भाकरी जेवले. आबांनी नाडा कुठला वापरला होता याची बारीक चौकशी केली आणि पुढच्या वेळी जाड घ्या म्हणून सांगितलं.

आबा आता नाहीत. यंदाच्या यात्रेत चित्रपट दर वर्षीसारखा पुन्हा लागला. पुण्याहून आलेल्या कुणीतरी दाजींना सुचवून पाहिलं, की आबा चालत जातात तो भाग फार लांबतो, हशा झाला की कापून टाका. दाजींनी नकारार्थी मान हलवली. तो तुकडा आला, दाजींनी पडद्यावर हात जोडले आणि साऱ्या पटांगणानं हात वर करून एका आवाजात उत्तर दिलं, ‘राम राम, पाव्हना.’ लोक हसले, शिट्या वाजल्या, लहान पोरं आडवी होऊन उडू लागली. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मीही हात वर करून ओरडत होतो. जगातल्या सगळ्यात वाईट चित्रपटात माझा बाप आहे आणि त्याचं पडद्यावर राहिलेलं उत्तर सारं गाव दर वर्षी देतं.

मग हशा ओसरला. पडद्यावर आबा पाटचारीच्या कडेनं चालत होते, हातात बिबड्यांची पिशवी, पाठ थोडी वाकलेली. दाजींनी पागोटं काढून मांडीवर घेतलं होतं. आबा वळणापाशी पोचले तेव्हा दाजी पुढे झुकले आणि शेजारी बसलेल्या मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, “सांभाळीसन जा, आबा.”