गुडघ्याच्या पाकिटातली छाती

क्ष-किरण विभागातल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे ‘हलूनका’ म्हणत. रुग्ण हलला की फिल्म पुसट येते, म्हणून हाच शब्द दिवसभर त्यांच्या तोंडी. किरणांची मात्रा कमी पडली तर फिल्म फिकी, जास्त झाली तर काळीकुट्ट. ती मात्रा त्या रुग्णाच्या अंगकाठीवरून अचूक ठरवत. हे त्यांच्या शब्दावर लिहीत नाही. बाद फिल्मची नोंदवही मी ओळ न ओळ तपासली आहे.

एका गवंड्याच्या छातीतली कडेची गाठ फिल्मवर दिसली नाही आणि तो दगावला. विभागप्रमुख डॉक्टरांनी चौकशीच्या वहीत शेरा लिहिला: ‘तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे फिल्म सदोष.’ फिल्म मात्र सापडेना. बाईंनी ती काढलीच नव्हती; पण पाळीच्या तक्त्यावर नाव त्यांचं, आणि साहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाईंची बदली तळघरात, जुन्या फिल्मच्या कोठारात झाली. घरी नणंद म्हणायची, “वहिनी, माझ्या लग्नाचे फोटो तेवढे दुसऱ्या कुणाला काढू द्या हं.” सासूबाई गालात हसत. बाई भांडी घासत.

साहेबांनी शत्रूला नेमकं दारूगोळ्याच्या कोठारात नेऊन बसवलं होतं. बाईंनी डूख धरला. रोज चाळीस पाकिटं तपासायची, अशी सहा वर्षं. शेवटी छातीची ती फिल्म सापडली, भलत्याच माणसाच्या गुडघ्याच्या पाकिटात. प्रत्येक तंत्रज्ञ आपल्या फिल्मवर शिशाच्या अक्षरांची स्वतःची खूण उमटवतो; तिच्यावर बाईंची खूण नव्हती. कोपऱ्यात गवंड्याचा रुग्णक्रमांक, तारीख आणि वेळ होती: चार वाजून दहा मिनिटं. त्याच मिनिटाला वरच्या वॉर्डात फिरत्या यंत्रावर काढलेली दुसरी फिल्मही त्यांनी शोधली. तिच्यावर बाईंची खूण होती.

त्या लगेच कुणाकडे धावल्या नाहीत. दरवर्षी साहेब नव्या तंत्रज्ञांना, रुग्णालयाच्या अधीक्षिकांच्या उपस्थितीत, बिघडलेल्या फिल्म दाखवून शिकवत. त्यासाठीच्या फिल्म कोठारातूनच जात. यंदा बाई स्वतः घेऊन गेल्या. एका फिल्मच्या कोपऱ्यावर चिकटपट्टी होती.

ती दिव्याच्या पेटीवर लागताच साहेब खुलले. किरण विखुरून चित्र गढूळ होऊ नये म्हणून फिल्मपुढे शिशाच्या तिरक्या पट्ट्यांची जाळी लावतात, ती इथे उलटी बसवली होती. म्हणून कडेचे किरण अडले आणि फक्त मधला पट्टा उमटला, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाले, “कडेला गाठ असती तरी दिसली नसती. हे काढणाऱ्या गाढवाला रुग्णालयाच्या दारातसुद्धा उभं करू नये.”

बाईंनी कोपऱ्यातली चिकटपट्टी सोलली. शेजारी दुसरी फिल्म लावली.

“साहेब, दोन्हींची वेळ वाचा. मी वर होते. खालच्या यंत्राची किल्ली तेव्हा फक्त तुमच्याकडे होती.”

साहेब वाचत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, की जुनी जागा उद्याच परत मिळेल, झालं गेलं विसरून जावं. बाईंनी बगलेतून चौकशीची वही काढली.

“शेरा तुमच्या हातचा आहे. त्याच हाताने खोडा, आणि खाली खरं लिहा. आत्ता, यांच्यासमोर.”

अधीक्षिकांनी पेन पुढे केलं. साहेबांनी एक ओळ लिहिली. बाईंनी वही उजेडात धरून पाहिली.

“पुसट आलंय. पुन्हा.”

दुसरी ओळ गडद आहे. मी पाहिली आहे. अधीक्षिकांच्या सहीने तिची नक्कल घेऊन बाई त्याच दुपारी गवंड्याच्या बायकोकडे गेल्या. कागद तिच्या हातात देत म्हणाल्या, “माझं झालं, बाई. आता तुमचं सुरू करा.”