उषामावशी आणि गाडीची तालीम

उषामावशी माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या कुलूप लावलेल्या जाळीच्या दाराआडून. आम्ही लखनौच्या जानकीपुरममध्ये राहायला आलो, तेव्हा सामान वर चढत होतं आणि मी माझ्या लेकीला, मुक्ताला, कडेवर घेऊन जिन्यात उभी होते. तळमजल्यावरून आवाज आला, "मराठी का गं तुम्ही?" वळून पाहिलं तर लोखंडी जाळीमागे एक ठेंगण्या, गोऱ्या बाई उभ्या. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या शेजारी काळ्या गोफात ओवलेली एक किल्ली. त्या दार उघडतील म्हणून मी थांबले. त्यांनी उघडलं नाही. जाळीतून दोन बोटं बाहेर काढून मुक्ताच्या तळव्याला गुदगुल्या केल्या आणि म्हणाल्या, "राग मानू नकोस हं. हे उघडलं की आमचे नाना निघतात फिरायला. मग मी बसते शोधत."

नाना म्हणजे त्यांचे यजमान. औषधांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत त्यांची अख्खी नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावर ते एकेक गोष्ट विसरू लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग माणसं, मग घर. एकदा ते विकास नगरच्या बाजारात सापडले. एकदा अलीगंजमधल्या एका शाळेच्या फाटकाशी, मुलाला न्यायला आलोय म्हणून चौकीदाराशी भांडताना. मुलगा पुण्यात नोकरीला लागून तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप आणि किल्ली मावशींच्या गळ्यात.

मावशी मूळच्या मिरजेच्या. लग्न होऊन लखनौला आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांचं वाक्य मिरजेत सुरू व्हायचं आणि लखनौत संपायचं. "अगं, त्या भाजीवाल्या भैयाला मी सांगितलं, धनिया ताजा नहीं है तो मत दो, और क्या!" हे 'और क्या' म्हणजे त्यांचा पूर्णविराम होता. भाजी, दूध, औषधं, सगळं त्या जाळीतून घ्यायच्या. भोपळा मात्र जाळीतून येत नाही म्हणून त्यांच्याकडे भोपळा कधी होत नसे. हे त्यांनी मला हसतहसत सांगितलं होतं, आणि मीही हसले होते. मुलाचा फोन रोज यायचा. मावशी स्पीकर लावून पोळ्या लाटत बोलायच्या. "सगळं मजेत आहे रे. नाना आत्ताच जेवले. तू तुझं बघ." तेवढ्यात आतून नाना ओरडत असायचे, की या बाईने मला डांबून ठेवलंय.

माझ्या दाराला कुलूप नव्हतं, पण मीही कुठे जात नव्हते. नाशिकला एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचे. माझ्या नवऱ्याला, समीरला, इथल्या एका संस्थेत जागा मिळाली, मुक्ता लहान होती, आणि नोकरी सोडणं हे इतकं सरळ वाटलं की त्यावर धड बोलणंही झालं नाही. समीर सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मे महिन्यात सकाळी दहा वाजताच लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुरू व्हायची. पडदे ओढून, कूलरच्या घरघरीत मी आणि मुक्ता. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. "मुक्ता, झोपायचं का?" "नहीं, बाहर जाना." दिवसातून दहादा "बाहर जाना." शेवटी मी तिला घेऊन खाली उतरायचे आणि मावशींच्या जाळीसमोर पायरीवर बसायचे. तेवढंच आमचं बाहेर.

अशात भुसावळहून बाबांचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती. खुबा मोडला होता, ऑपरेशन करायचं होतं. "तू येऊ नकोस," बाबा म्हणाले, "पोर लहान आहे, उन्हाळा आहे." पण त्यांचा आवाज ऐकून मला निघावंसंच वाटलं. मी एकुलती एक. समीरच्या प्रकल्पाची तपासणी चालू होती, महिनाअखेरीपर्यंत त्याला हलता येत नव्हतं. "मी येतो ना तुला सोडायला," तो म्हणाला, "थोडं थांब फक्त." सासूबाई फोनवर म्हणाल्या, "एकटी? रात्रीच्या गाडीनं? एवढ्याशा पोरीला घेऊन?" विमानाने मुंबईला जाऊन तिथून परत उलटं भुसावळ गाठायचं, ते तर आणखीच अवघड. सगळ्यांचं बरोबर होतं. मी थांबायचं ठरवून टाकलं आणि खाली येऊन पायरीवर बसले.

"मावशी, नाही जमणार जायला."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"आणि तू काय म्हणतेस?"

मग मी सगळं भडाभडा बोलले. मुक्ता बर्थवरून पडली तर? रात्रभर रडून तिने डबा डोक्यावर घेतला तर? मला बाथरूमला जायचं झालं तर तिला कुठे ठेवू? माझा डोळा लागला आणि ती उठून चालत दारापर्यंत गेली तर?

मावशी जाळी धरून शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बस्स? एवढंच ना? अगं, हे मी रोज करते. फक्त माझं मूल जरा उंच आहे."

आणि त्यांनी गळ्यातली किल्ली काढून दार उघडलं. आम्हाला आत घेतलं आणि पुन्हा कुलूप लावलं. "तालीम करू," म्हणाल्या. "आजपासून रोज. तिला गाडी कळली पाहिजे, आणि तुलाही."

दिवाणखान्यातला दिवाण झाला खालचा बर्थ. भिंतीकडून मुक्ता, बाहेरून मी. मावशींनी माझी ओढणी मागून घेतली. तिचं एक टोक मुक्ताच्या कमरेला सैल बांधलं आणि दुसरं माझ्या मनगटाला. "घट्ट नको. नुसतं कळलं पाहिजे. ती उठली की हात ओढला जातो, आपोआप जाग येते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी अशीच झोपते ना," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

पुढचे काही दिवस दुपारी आमची गाडी सुटायची. मावशी हुकूम द्यायच्या. गाडी सुटायच्या आधी पोरीला भरवू नकोस, आधी तिला गाडी बघू दे. दशम्यांची कणीक पाण्यात भिजवू नकोस, दुधात भिजव, म्हणजे मऊ राहतात. शेजारच्या बर्थवर कोण आलंय ते बघून घे, एखादी बाई असेल तर पहिल्या पाच मिनिटांत तिच्याशी बोल. "मदत लागल्यावर ओळख काढायला गेलं की तोंड उघडत नाही गं. आधीच बोलून ठेवायचं, और क्या!" मुक्ताला हा खेळ भलताच आवडला. ती शिट्टी वाजवायची, उशीवर चढायची, मावशींकडे तिकीट मागायची.

आणि नाना. एरवी ते खोलीत येरझाऱ्या घालायचे, दाराची कडी हलवायचे, मावशींवर हात उगारायचे. पहिल्याच दिवशी ते तालीम बघत दारात उभे राहिले आणि मग हळूच येऊन खिडकीशेजारच्या खुर्चीवर बसले. बाहेर रखरखीत ऊन आणि समोरच्या घराची भिंत. तिकडे बघत त्यांनी विचारलं, "झाशी गेलं का?"

मुक्ता म्हणाली, "अभी नहीं, दादू."

"मग ठीक," नाना म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच शांत बसून राहिले. मावशी ओट्याला टेकून त्यांच्याकडे बघत होत्या. कितीतरी महिन्यांत त्यांना दुपारी निवांत बसायला मिळालं नव्हतं, आणि आता मिळालं तर त्या उभ्याच होत्या.

मी जातेच म्हटल्यावर समीरने तिकीट काढलं. त्या उत्साहात मी बोलून गेले, "मावशी, तुम्हीही चला ना! नाना गाडीत किती शांत बसतील बघा. भुसावळला आमच्याकडे उतरा, पुढे मिरजेला तुमच्या बहिणीकडे जा." मावशींचा चेहरा एकदम बदलला. "तू यात पडू नकोस," त्या म्हणाल्या. "खेळ वेगळा आणि गाडी वेगळी." दोन दिवस त्यांनी जाळीमागचं लाकडी दारही लावून घेतलं होतं. मुक्ता पायरीवर बसून हाका मारायची.

निघायच्या संध्याकाळी आम्ही खाली उतरलो तर जाळी उघडी होती. मावशी इस्त्रीची साडी नेसून उभ्या होत्या. नानांना पांढरा शर्ट घातला होता, भांग पाडला होता. "आम्ही येतो पोचवायला," त्या समीरला म्हणाल्या. समीरने माझ्याकडे बघितलं. नको म्हणण्याची त्याची हिंमत झाली नाही.

चारबाग स्टेशनात गाडी लागलेलीच होती. समीर बॅगा चढवेपर्यंत नाना सर्वांच्या आधी डब्यात शिरले आणि माझ्या बर्थवर खिडकीशी जाऊन बसले. चेहऱ्यावर इतकं समाधान, की कोणी त्यांना उठवलं नाही. गाडी सुटायची सूचना झाली तशी मावशी म्हणाल्या, "चला, उतरायचंय." नाना हलले नाहीत. समीरने दंडाला धरलं तर ते ओरडले, "माझं तिकीट आहे!" सगळा डबा बघू लागला. मुक्ता घाबरून मला बिलगली. नानांनी बर्थची साखळी दोन्ही हातांनी पकडली होती.

मावशींनी समीरला बाजूला केलं आणि त्या नानांशेजारी बसल्या. नाना लगेच सरकले, जागा करून दिली आणि अनोळखी बाईशी बोलावं तसे अदबीनं म्हणाले, "बसा ना. आपण कुठपर्यंत?"

"मिरजेपर्यंत," मावशी म्हणाल्या.

त्यांनी पदर सारखा केला, पाठ टेकली आणि खिडकीतून बाहेर बघू लागल्या. आपली माणसं मागे टाकून निघालेलं माणूस बघतं तसं. मला वाटलं, या आता उतरणार नाहीत. आणि माझ्या मनात आलं, नकोच उतरू देत.

पुन्हा सूचना झाली. मावशींनी डोळे मिटून उघडले. "चहा घेऊ या का? गाडी थांबलीय तोवर." नानांच्या हातातून साखळी सुटली. "घेऊ या," म्हणत ते उठले. मावशी त्यांना धरून उतरल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

गाडी हलली. मी दाराशी धावले. चहाच्या टपरीशी उभ्या असलेल्या नानांना कळलं, की गाडी चालली. ते जिवाच्या आकांताने गाडीकडे ओढ घेत होते आणि मावशींनी दोन्ही हातांनी त्यांच्या कमरेला मिठी घातली होती. समीर धावत त्यांच्याकडे जात होता. फलाट संपेपर्यंत मला एवढंच दिसलं.

प्रवास झाला. मुक्ता कानपूरपर्यंत रडली. समोरच्या बर्थवर एक शिक्षिका होती, तिच्याशी मी आधीच बोलून ठेवलं होतं, तिने मुक्ताला सांभाळलं. ओढणी दोनदा ओढली गेली, दोन्ही वेळा मला जाग आली. दुसऱ्या दिवशी दुपारी भुसावळला उतरले तेव्हा बाबा फलाटावर उभे होते आणि मला बघून ते लहान मुलासारखे रडले. आईचं ऑपरेशन नीट झालं होतं. वॉकर धरून ती चालायला लागेपर्यंत मी तिथे राहिले.

परत आले तेव्हा मावशींच्या हातावर पिवळा पडलेला वळ होता. मी त्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "गाडी चुकवली म्हणून," त्या म्हणाल्या. मग पायरीवर बसलेल्या माझ्यासमोर त्याही जाळीच्या आत जमिनीवर बसल्या.

"तुला एक सांगू? त्या दिवशी मला उतरायचं नव्हतं. नाना राहू देत नाहीतर उतरू देत, मला उतरायचं नव्हतं. बायको अशी असते का गं?"

मी पायरीवरून उठून जाळीला टेकून बसले.

"घरी आले, त्यांना झोपवलं आणि मुलाला फोन केला. म्हटलं, मला आता होत नाही. इतकंच. एवढं बोलायला मला किती वर्षं लागली. तो म्हणाला, आई, तू तर रोज मजेत म्हणायचीस." मावशींनी नाक पुसलं. "त्याचं काय चुकलं? मी सांगितलं तेच त्यानं ऐकलं, और क्या."

मुलगा आला. पुण्यात त्याच्या घराजवळ अशा आजाराच्या माणसांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र होतं. पावसाळा संपता संपता त्याने दोघांनाही नेलं. जाताना मावशी मला म्हणाल्या, "तू माझ्याइतका उशीर लावू नकोस. होत नाही तर होत नाही म्हण. समीर चांगला आहे, पण त्याला मनातलं ऐकू येत नाही." त्या रात्री जेवताना मी समीरला म्हटलं, की मला या घरात कोंडल्यासारखं होतं. त्याचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "मला वाटलं, तू रमलीस." आता मी अलीगंजच्या एका शाळेत शिकवते. मुक्ताही तिथेच येते. सगळं सोपं झालं असं नाही, पण सकाळी पायात चपला घालून मी बाहेर पडते.

मावशींचे फोन यायचे. कधी नानांनी त्यांना नावाने हाक मारल्याचे, कधी ओळखच न दाखवल्याचे. दुपारभर नाना केंद्रात असत, तेव्हा काय करायचं ते त्यांना सुचत नसे. एकदा मिरजेला जाऊन आल्या, पण दुसऱ्याच दिवशी परतल्या. "तिकडे मला झोपच लागेना गं. हात कुणी ओढतच नव्हतं."

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी शाळेला निघाले असताना त्यांचा फोन आला. आवाज अगदी साधा होता.

"नाना गेले. पहाटे. झोपेतच."

मी खुर्चीत बसले. फोनमध्ये मागून माणसांची ये-जा, भांड्यांचा आवाज ऐकू येत होता.

"घर भरलंय गं माणसांनी. जो येतो तो हेच म्हणतो, उषा, सुटलीस. पण तू म्हणू नकोस."

"नाही म्हणणार, मावशी."

मग त्यांना रडू फुटलं. मुक्ता दप्तर पाठीला लावून दारात उभी राहून माझी वाट बघत होती. मी तिला हातानेच थांब म्हटलं आणि मावशींचं रडणं संपेपर्यंत फोन कानाला धरून बसून राहिले.