पोलादी चिमटा

सेंदाईच्या त्या प्रयोगशाळेत एक नियम सोवळ्यासारखा पाळत: सिलिकॉनच्या चकतीला पोलादी चिमटा लावायचा नाही. पोलादात निकेल असतं. त्याचा कण लागला, की चकती तापवताच तो सगळीकडे पसरतो नि स्वतःचीच नक्षी मांडून बसतो. मग वर चांदीचे अणू सोडा नाहीतर सोन्याचे, सगळं मुसळ केरात. म्हणून चिमटा बांबूचा.

हिसाएचा हात या कामात मुरलेला. नवऱ्याचं क्रियाकर्म आटोपून ती लगेच कामावर आली. रडली नव्हती. दहनाच्या भट्टीतून आलेली त्याची हाडं तिथल्या रीतीने, बांबूच्या काडीतून काडीत देत कलशात ठेवली, तेव्हाही हात हलला नाही. सासू म्हणाली, दगड आहे मेली. हिसाएला ते पटलं.

त्याच आठवड्यात सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर चांदीच्या अणूंची कधी न पाहिलेली नक्षी उमटली. ओनोदेरा सर मार्चमध्ये निवृत्त होणार, मागे प्रयोगशाळेला कुलूप लागणार. नक्षी खरी ठरली तर ते टळणार होतं. सरांनी आनंदाने गोड भाताचे गोळे वाटले. हिसाएने खाल्ला, चव लागली नाही.

हात पुसताना तिची नजर मेजावर गेली. बांबूचे चिमटे पाकिटात तसेच होते, न उघडलेले. बाहेर पोलादी पडला होता. तिनेच उचललेला. बांबूला हात लावायचा नव्हता, एवढं हाताने तिला न विचारता ठरवलं होतं.

गप्प राहिली असती तर मार्चपर्यंत निभावलं असतं. पण ती उठून सरांकडे गेली.

"सर, ही चांदीची नक्षी नाही. निकेलची आहे. मी पोलादी चिमटा लावला."

सरांनी पडदा बंद केला. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं बाई! मग बांबूच्या चिमट्यात नवी चकती धरून त्यांनी तिच्यापुढे केली. काडीतून काडीत फक्त मयताची हाडं द्यायची, जेवताना घास तसा देऊ नये, हे तिथे पोरंसोरंही जाणतात. चकती मात्र अशीच द्यावी लागे, नि सर त्यावर नेहमी थट्टा करत. आज केली नाही.

"घे. चुकलं तर चुकलं. पुन्हा करू."

तिने पाकीट फोडून बांबूचा चिमटा पुढे केला. चकतीला वजन ते काय असणार. पण हात लटपटला, चकती फरशीवर पडून फुटली. हिसाए खाली बसून तुकडे वेचू लागली, नुसत्या बोटांनी, सगळे नियम सोडून.

"सर, आमचे हे किती हलके झाले होते हो," ती म्हणाली, नि मग तिला रडू आवरेना.