एकोणऐंशी ठिपक्यांचं झुडूप

ऑफिसात तिला घारबाई म्हणत, कारण अकरा वर्षं तिने डोंगर पाहिले ते फक्त वरून. उपग्रहाच्या फोटोतला कुठला हिरवा ठिपका कुठल्या वनस्पतीचा, हे ठरवून नकाशा रंगवायचा, हे तिचं काम. "हिला नाकावरचा चष्मा सापडत नाही, अन् आभाळातून झुडपं ओळखते," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. घारबाई ते कौतुक समजत असे.

यंदाचा नकाशा होता एका दुर्मिळ झुडपाचा. दूरच्या डोंगरांवर राहणाऱ्या वनरक्षकाने झुडपाच्या बारा जागा हातातल्या यंत्रावर नोंदवून पाठवल्या. त्यांवरून संगणक झुडूप ओळखायला शिकला आणि त्याने ते एकोणऐंशी ठिकाणी दाखवलं. साहेब खूश. एवढं मुबलक असेल तर झुडपाला संरक्षण कशाला, असं पत्र त्यांनी तयारही ठेवलं. सोमवारी नकाशा आणि पत्र वर जाणार होतं.

घारबाईला मात्र एक गोष्ट खटकत होती. झुडूप कमरेएवढं आणि फोटोत त्याची सावली दुमजली घराएवढी. तिने गुरुवारी रजा टाकली, नवऱ्याचे बूट दोन-दोन मोजे चढवून घातले आणि बसने डोंगर गाठला.

निवृत्तीला टेकलेल्या वनरक्षकाने तिला पहिल्या जागी नेलं, एका डेरेदार झाडाखाली बसवलं, पाणी दिलं. झुडूप कुठे, असं तिने विचारताच त्याने खालच्या कड्याकडे बोट दाखवलं. चांगली चाळीस पावलं, आणि नुसता घसारा.

"मग नोंद इथे का केलीत, काका?"

"तिथं उभं राहायला जागा नाही, ताई. अन् उन्हात यंत्राचा पडदा दिसत नाही. सावलीत बसून नीट नोंदी केल्या. बाराच्या बारा."

संगणक बिचारा मन लावून सावलीचं झाड शिकला होता.

पुढचे दोन दिवस घारबाई बसत, सरकत बाराही कडे उतरली. काका सावलीतून सूचना देत होते. रविवारी तिने नव्या नोंदींवर नकाशा पुन्हा काढला. सोमवारी साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"एकोणऐंशीचे तेरा?"

"साडेबारा धरा," ती म्हणाली. "एकावर मी घसरले."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि शिपायाला हाक मारून ते पत्र टपालातून परत मागवलं.