किलवरची राणी

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. दारव्ह्याच्या अर्ध्या पोरांना पत्त्यांतला मेंढीकोट आमच्या गल्लीतल्या काकांनीच शिकवला होता. कापसाच्या जिनातली नोकरी कधीच संपली होती, पण गणपतीतल्या स्पर्धेतून काका हटायचं नाव घेत नव्हते. पान टाकताना गुडघ्यांवर उठायचे, सतरंजीवर धाडकन आपटायचे, आणि जोडीदार चुकला की ओरडायचे, "पत्ते खेळून राह्यला का अक्षता टाकून राह्यला?"

त्या वर्षी शेवटच्या सामन्यात मी त्यांच्या विरुद्ध होतो. किलवरची उतारी झाली. काकांनी थाटात हुकूम मारून आमची दश्शी उचलली. पुढची उतारी त्यांचीच. आपटली ती किलवरची राणी!

म्हणजे हातात किलवर असताना हुकूम मारला होता. मेंढीकोटात याला माफी नाही, डाव जातो. मी पंचांकडे पाहिलं, पंचांनी गणपतीकडे. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्याला कोण बोलणार?

काकांनी राणी डोळ्यांजवळ नेली. मग माझ्याकडे वळले.

"तुले दिसलं नाही?"

"दिसलं, काका."

"मंग बोंबलला काहून नाही? हेच शिकवलं का म्या तुले?"

डाव त्यांनीच सोडला. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तर घेतलं, पण बोलले नाहीत.

पुढच्या गणपतीत त्यांच्याकडून पुन्हा तेच झालं. मी मंडप हलेल असा ओरडलो. काका हरले. उठता उठता शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "पाह्यलं? माह्या हाताखाली शिकला हा."