पाळण्याच्या गादीखालचा चाकू

आधीच सांगतो, असल्या गोष्टी मी आजवर वाचल्या त्या फक्त खाली कॉमेंटमध्ये टिंगल करायला. आज स्वतःच लिहितोय... माझी टिंगल केलीत तरी तक्रार नाही.

मी मूळचा पुण्याचा, नोकरी नेदरलँड्समध्ये, आर्नहेमला. इथे आल्यावर लागलेला छंद म्हणजे मेटल डिटेक्टर. मका कापून झाला की ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या शेतात फिरायचं. नाणी, बटणं बरीच मिळतात, पण मला वेड खिशातल्या जुन्या चाकूंचं. मागच्या हिवाळ्याआधी एक मिळाला — शिंगाची मूठ, आत पितळी पट्ट्या, पातं मुठीत गंजून गच्च. अशा चाकूचं वय कळतं ते पात्याच्या बुडाशी ठोकलेल्या कारखान्याच्या छापावरून, आणि पातं उघडल्याशिवाय तो दिसत नाही. तेलात बुडवून ठेवला, पक्कड लावली — ढिम्म हलेना. ऑनलाइन ग्रुपवरचे जाणकार म्हणाले, मुठीवरून शंभरेक वर्षांचा वाटतो, बाकी छाप बघून सांगू.

तेवढ्यात आमची मुलगी झाली. बाळंतपणासाठी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. पाचवीला म्हणाल्या, "निखिलराव, बाळाच्या उशाशी लोखंड हवं. तुमच्या सुऱ्या बघितल्या, सगळ्या स्टेनलेस."

घरी येणाऱ्या डच नर्सने पाळण्यात साधी उशी ठेवू दिली नव्हती! मी हसत हसत तो चाकू आणून दिला. "घ्या आई, अस्सल लोखंड. आणि उघडतच नाही, म्हणजे सेफ." त्यांनी हळदकुंकू लावून गादीखाली सरकवला. माझी बायको मृणाल नको म्हणत होती. मीच तिला समजावलं.

काही आठवड्यांनी, भर दुपारी... मी हॉलमध्ये मीटिंगवर, मृणाल अंघोळीला, आई किचनमध्ये लाडू वळत होत्या. बेडरूममधून आवाज आला — टक्.

पातं पूर्ण उघडलं की स्प्रिंग जागेवर बसते, तो आवाज. मी तो कुठेही ओळखेन.

धावलो. बाळ जागं होतं, पण चिडीचूप, खिडकीकडे एकटक बघत. तिला उचललं आणि गादी वर केली. चाकू सताड उघडा. पातं लख्ख, गंजाचा ठिपका नाही. बाळाला छातीशी धरून मी जमिनीवरच बसलो. पातं आणि बाळ, मध्ये फक्त ती गादी होती हो.

तेलाने सुटला असेल, असं मीही स्वतःला सांगून बघितलं. पण या चाकूंची स्प्रिंग पातं धरून ठेवते, उघडत नाही. खाचेत नख अडकवून कुणीतरी ओढावं लागतं.

"आत्ताच्या आत्ता हे घराबाहेर काढ, निखिल!" मृणाल बाथरूममधून धावत आली होती. सवयीने मी चाकू होता तसा एक फोटो काढला आणि तडक शेतात जाऊन, होता तिथेच पुरून आलो.

फोटोत छाप स्वच्छ दिसत होता. ग्रुपवर टाकला. वय जुळलं, शंभरच्या वरच. पण एकाने लिहिलं, "बनवू नका. हे पातं जमिनीत कधी गेलेलंच नाही."

मी हे आईंना सांगत होतो. त्यांनी माझा फोन घेऊन फोटो मोठा केला. मग हळूच म्हणाल्या, "टोक कुठे आहे बघा."

टोक खिडकीकडे होतं. मूठ बाळाकडे.

"बाळावर नव्हती उघडली ती सुरी, निखिलराव. आणि तुम्ही तीच पुरून आलात?"

तसाच सायकल काढून शेतात गेलो. माझा खड्डा ताजा होता, मीच बुजवलेला. डिटेक्टर फिरवला, उकरून पाहिलं, आजूबाजूची सगळी माती चाळली. काहीच नाही. साधा बीपसुद्धा नाही.

मला आजही यातलं काही कळलेलं नाही. कुणाला कळलं तर खरंच सांगा, कारण बाळ अजून दुपारी खेळता खेळता चिडीचूप होतं आणि खिडकीकडे बघत राहतं. आईंनी नाइलाजाने स्टेनलेसची सुरी ठेवलीय गादीखाली. ती तेव्हाही जागची हलत नाही.