आत्मिक सौंदर्याची पाहणी, मुक्काम भेस्तान

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यात नगरहून सुरतेस एक अधिकृत पथक रवाना झाले. पथकाचा प्रमुख मी, सदस्य मी आणि हमालही मीच. कामगिरी: एका मुलीच्या आत्मिक सौंदर्याची पाहणी.

पथक पाठवले माझ्या ताईने. ताई निवृत्त मुख्याध्यापिका आणि आमच्या मंडळीतली (चर्चमधली) सर्वांत कडक बाई. तिच्या मुलाला, प्रभाकरला, स्थळ आले होते. फोटोचे पाकीट तिने उघडलेसुद्धा नाही.

“रूप सांगू नकोस. ख्रिस्ती बाईचा दागिना म्हणजे सौम्य, शांत स्वभाव. तो आहे का, एवढंच बघून ये.”

रूप कसे बघायचे ते मला ठाऊक होते. हे कसे बघायचे?

सुरत स्टेशनवर मुलीचे वडील शांतवनराव दिसण्याआधी ऐकू आले. “सलाम, साहेब!” फलाटावरची कबुतरे उडाली. माणूस मूळचा जालन्याचा, वीस वर्षे लूमवर (यंत्रमागावर). रिक्षातून त्यांनी मला अख्खी सुरत ओरडून दाखवली. भेस्तानला त्यांच्या खोलीत शिरल्यावर उलगडा झाला. भिंतीपलीकडेच लूमचा कारखाना, अखंड खटाक-खटाक. सगळी गल्लीच ओरडून बोलत होती. जेवणाआधीची प्रार्थना शांतवनरावांनी अशी केली, की देवाला ऐकू आले नाही म्हणायची सोय उरली नाही.

कुजबुजत होती ती फक्त त्यांची मुलगी, करुणा. नव्या साडीत, मान खाली घालून तिने माझ्यापुढे पोंक (आपला हुरडा) आणि शेव ठेवली. गातेस का? ओठ हलले. पवित्र शास्त्र (बायबल) वाचतेस? ओठ हलले. मी तीनदा “काय?” म्हणालो आणि चौथ्यांदा नुसता हसलो. सौम्यता शंभर टक्के. पथकाला मात्र जांभई आली.

शेवटी मी ठेवणीतला प्रश्न काढला. “बाळ, आत्मिक सौंदर्य म्हणजे काय गं?”

तेवढ्यात गल्लीपलीकडच्या दारातून एका खानदेशी म्हातारीची हाक आली. “काय व करुणा, आज माले इसरी गई का?” (मला विसरलीस का?)

करुणा उठली. पदर खोचला, चुलीवरचे कोमट पाणी उचलले आणि प्रश्न तिथेच टाकून गेली. समोरच्या उंबऱ्यावर बसून तिने म्हातारीचा पाय मांडीवर घेतला. पट्टी सुटली. साखरेच्या आजाराची जखम; वास आमच्या शेवेपर्यंत आला.

आणि मग तो आवाज.

“पाय हलवू नको, जिजामाय! हलवलास तर तोडून हातात देईन!”

“तोडी टाक ना. तेवढाच वास कमी.”

दोघी खदखदून हसल्या. आवाज थेट बापाचा. बोटे मात्र अशी चालत होती, जणू झोपलेल्या लेकराचे तोंड पुसताहेत.

इकडे करुणाच्या आईने पदर तोंडाला लावला. शांतवनराव पहिल्यांदाच हळू बोलले. “दोन स्थळं या आवाजावरच गेली, साहेब. कुजबुजायला मीच सांगितलं होतं तिला.”

परतीच्या गाडीत मी अहवाल जुळवत होतो. सौम्यपणा घशात शोधायचा की बोटांत, हे ताईने निघताना सांगितले नव्हते.

घरी पोचल्यावर मी काहीच लपवले नाही. उलट आवाजाची नक्कलच केली. शेजाऱ्यांची खिडकी उघडली. आता हेही स्थळ गेले, असे मला वाटले. ताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि एकदम तिच्या तोंडून निघून गेले:

“अरे, पण ती इकडे आली, तर त्या म्हातारीचा पाय कोण धुणार?”